अपहार, अफरातफर, गबन की घोटाळा? सोपवलेल्या पैशाच्या गैरवापराचे शब्द : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संस्थांचे वार्षिक अहवाल, सभांची इतिवृत्तं, तक्रारअर्ज आणि बातम्या यांची मराठी तपासून देण्याचं काम मी अनेक वर्षं करतो आहे. पैशाचं प्रकरण असलं की लिहिणारा हमखास अडखळतो. भीतीपोटी मऊ शब्द घेतो, नाहीतर रागापोटी नको तेवढा जड. या वर्षांत पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

सरळ ‘चोरी’ म्हणायचं सोडून ‘अपहार’ कशाला म्हणायचं?

कारण दोन्हींत पैसा हाती येण्याची वाट वेगळी आहे. चोर दुसऱ्याच्या ताब्यातली वस्तू त्याच्या संमतीवाचून उचलतो. अपहार करणाऱ्याच्या हाती पैसा आपणच दिलेला असतो. सभेत ठराव करून त्याला खजिनदार नेमलं, तिजोरीची किल्ली दिली, धनादेशावर सहीचा अधिकार दिला. पैसा त्याच्याकडे आला तो क्षण पूर्ण स्वच्छ होता. बिघडलं ते नंतर.

‘चोरी’ म्हटलं की हा सगळा आधीचा भाग गळून पडतो. कोणी कोणावर भरवसा टाकला होता, कशासाठी टाकला होता, काहीच उरत नाही. चोरीत कुलूप तुटतं आणि सकाळी लोकांना कळतं. अपहारात कुलूप शाबूत असतं, किर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) रोज लिहिली जात असते, पावत्या फाडल्या जात असतात, आणि हे वर्षानुवर्षं चालू शकतं. ज्यांचे पैसे गेले त्यांच्या मनाला जो घाव बसतो तोही वेगळा. माझा सगळा आग्रह एवढाच आहे की शब्द असा निवडावा, ज्यात ‘सोपवलेलं होतं’ ही गोष्ट दिसत राहील.

आपल्या जुन्या म्हणींना हा फरक ठाऊक आहे. ‘चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या’ या म्हणीत किल्ली देणाऱ्याची चूक आहे. माणूस आधीपासूनच चोर होता. ‘कुंपणच शेत खातं’ यात मात्र कुंपण राखणीसाठीच घातलेलं होतं. अपहाराला दुसरी म्हण लागू पडते.

‘अपहार’ हा शब्द सरकारी टेबलावर घडवलेला आहे का? फार पुस्तकी वाटतो.

मुळीच नाही, तो फार जुना आहे, आणि आजच्याच अर्थाने जुना आहे. ‘अप’ म्हणजे दूर आणि ‘हृ’ म्हणजे नेणे. काढून नेणे हा मूळ अर्थ. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणातला आठवा अध्याय याच विषयावर आहे : अधिकाऱ्यांनी खाल्लेला महसूल परत कसा मिळवायचा. तिथे कोश, म्हणजे राजाचा खजिना, क्षीण होण्याची आठ कारणं दिली आहेत – प्रतिबंध, प्रयोग, व्यवहार, अवस्तार, परिहापण, उपभोग, परिवर्तन आणि अपहार.

ही यादी सावकाश वाचण्यासारखी आहे. ‘प्रयोग’ म्हणजे तिजोरीतला पैसा परस्पर व्याजाने लावणे. ‘व्यवहार’ म्हणजे त्या पैशावर व्यापार करणे. ‘उपभोग’ म्हणजे राजाच्या वस्तू स्वतः वापरणे किंवा दुसऱ्यांना वापरू देणे. ‘परिवर्तन’ म्हणजे चांगली वस्तू काढून घेऊन तिच्या जागी दुसरी ठेवणे. आणि शेवटी ‘अपहार’, त्याची व्याख्या तीन तुकड्यांची : जमा झालेली रक्कम खात्यात दाखवायची नाही, मंजूर झालेला खर्च ज्याला द्यायचा त्याला द्यायचा नाही, आणि हातात असलेली शिल्लक नाहीच म्हणायचं. आजचा कुठलाही लेखापरीक्षक याच तीन ठिकाणी बोट ठेवतो : जमेची नोंद, खर्चाचं व्हाउचर, हातची शिल्लक.

त्याच अध्यायात पैसा खाण्याचे चाळीस मार्ग मोजले आहेत. पुढच्या अध्यायात ते प्रसिद्ध निरीक्षण येतं, की पाण्यात फिरणारा मासा पाणी कधी पितो हे जसं कळत नाही, तसं कामावर नेमलेला माणूस पैसा कधी घेतो हे कळत नाही. या गुन्ह्याचं याहून नेमकं वर्णन मी वाचलेलं नाही. मासा पाण्यातच असणार, त्याचं तिथे असणं गैर नाही. गैर काय ते पाण्याखाली घडतं.

मग ‘अपहार’ आणि ‘अफरातफर’ यात काही फरक आहे की नुसती आवडनिवड?

शब्दकोश पाहिले तर दोन्ही जवळजवळ समानार्थी. वापरात मात्र छटा वेगळ्या आहेत. ‘अपहार’ म्हणताना नजर गेलेल्या रकमेवर असते : किती गेले, कोणाच्या ताब्यातून गेले. ‘अफरातफर’ म्हणताना नजर हिशेबावर असते : इकडचं तिकडे केलं, एका खात्यातलं दुसऱ्यात दाखवलं, आकडे फिरवले. शब्दाचं मूळही तेच सांगतं. अरबीतल्या ‘इफ्रात’ आणि ‘तफ्रीत’, म्हणजे जास्ती आणि कमी, या जोडीतून फारसीमार्गे तो आला. कुठे वाढवायचं, कुठे घटवायचं. हिशेबात लबाडी याच दोन हातांनी होते.

म्हणून मी असं सुचवतो : रोख रक्कम घेतली आणि दडवली, तर ‘अपहार’. नोंदी फिरवून, खोट्या पावत्या जोडून रक्कम काढली, तर ‘अफरातफर’ जास्त बोलकं. वाक्यात लिंगाकडेही लक्ष असू द्या. अपहार पुल्लिंगी, अफरातफर स्त्रीलिंगी : ‘निधीचा अपहार केला’, ‘निधीची अफरातफर केली’.

‘अफरातफरी’ असंही वाचायला मिळतं.

तो हिंदीचा शब्द आणि हिंदीतला अर्थ : गोंधळ, पळापळ, घबराट. मूळ एकच, पण दोन भाषांत वाटा फुटल्या. मराठी बातमीत ‘बाजारात अफरातफरी माजली’ असं लिहिलं की वाचक क्षणभर पैसे कोणी खाल्ले ते शोधू लागतो. तिथे ‘धावपळ उडाली’, ‘एकच गोंधळ उडाला’ म्हणावं.

‘गबन’ मराठीत चालतं का?

चालतं. मूळ अरबी, तिथे सौद्यातली फसवणूक असा अर्थ. आपल्याकडे उर्दू-हिंदीच्या सहवासाने आला. हिंदीत तोच मुख्य शब्द आहे. मराठीत मात्र ‘अपहार’ आणि ‘अफरातफर’ हे दोन भक्कम शब्द हाताशी असताना त्याची गरज मला फारशी लागत नाही.

‘घोटाळा’, ‘गैरव्यवहार’, ‘अनियमितता’ हे शब्द वापरले तर काय बिघडतं?

बरंच बिघडतं.

‘घोटाळा’ या शब्दाचा रोजचा अर्थ गुंता, गोंधळ. ‘तारखांत माझा घोटाळा झाला’ असं आपण अगदी निर्मळ मनाने म्हणतो. त्यामुळे कोणी जाणूनबुजून लोकांचे पैसे खाल्ले आणि आपण ‘घोटाळा झाला’ म्हटलं, की त्या वाक्यातून करणारा हात नाहीसा होतो. मोठ्या, अनेकांच्या संगनमताने झालेल्या प्रकरणाला ‘घोटाळा’ म्हणण्याची रूढी पडली आहे आणि ती आता मोडणार नाही, मोडायची गरजही नाही. पण एका माणसाने त्याच्याकडे सोपवलेले पैसे घेतले असतील तर तो घोटाळा नव्हे, अपहार.

‘गैरव्यवहार’ हा मोठा पसरट शब्द. निविदा न काढता काम देणं, नात्यातल्या माणसाला कंत्राट देणं, चढ्या भावाने खरेदी करणं, आणि पैसे खाणं, सगळं त्यात मावतं. चौकशी चालू असताना, नेमकं काय झालं हे ठाऊक नसताना तो योग्य आहे. चौकशी पूर्ण होऊन अपहार ठरला, तरी ‘गैरव्यवहार’ म्हणत राहणं म्हणजे ज्यांचे पैसे गेले त्यांच्यावर अन्याय.

‘अनियमितता’बद्दल मला खरोखर वाईट वाटतं. नियमाप्रमाणे तीन दरपत्रकं मागवायला हवी होती आणि दोनच मागवली, ही अनियमितता. पैसे सगळे कामालाच लागले, फक्त पद्धत चुकली. हा शब्द या अर्थापुरता अगदी चांगला आहे. पण आयुष्याची पुंजी ठेवलेल्या म्हाताऱ्या ठेवीदाराला ‘संस्थेत काही आर्थिक अनियमितता आढळून आल्या’ असं पत्र जातं, तेव्हा त्या पत्रात त्याचं दुःख कुठेच नसतं. असं पत्र माझ्याकडे तपासायला आलं तर मी तो शब्द खोडतो.

पैसे नंतर परत भरले, तरी तो अपहारच का?

‘उचलले होते, पण पगार झाल्यावर भरणारच होतो’ असं म्हणणारे खूप असतात आणि त्यातले काही खरंच बोलत असतात. लेखापरीक्षणाच्या भाषेत यासाठी ‘तात्पुरता अपहार’ असा शब्दप्रयोग आहे : जमा झालेली रक्कम बँकेत वेळेवर न भरता मधले काही दिवस स्वतःकडे वापरली.

कायदाही इथे स्पष्ट आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम ४०३ च्या स्पष्टीकरणातच म्हटलं होतं की काही काळापुरता केलेला अप्रामाणिक अपहार हाही अपहारच. नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ मध्ये ते स्पष्टीकरण कायम आहे. रक्कम परत आली याचा विचार शिक्षा ठरवताना होऊ शकतो, पण त्याने झालेली गोष्ट पुसली जात नाही. बोलीत याला ‘पैसे फिरवणं’ म्हणतात, आणि ते ऐकायला फार निरुपद्रवी वाटतं. लिहिताना मात्र ‘परत भरलेला तात्पुरता अपहार’ असं पूर्ण लिहावं. ‘परत भरलेला’ हे सांगणं त्या माणसासाठी न्यायाचं, आणि ‘अपहार’ हे सांगणं संस्थेसाठी.

स्वतःच्या खिशात एक पैसा घातला नाही, दुसऱ्याच चांगल्या कामाला वापरला. याला काय म्हणायचं?

ग्रंथालयासाठी आलेल्या देणगीतून सभागृहाचं छत केलं, औषधांसाठी जमवलेल्या पैशातून सत्कार केला. इथे खाण्याची भावना नसते, त्यामुळे ‘अपहार’ म्हटलं की लोक चिडतात. ‘निधी अन्यत्र वळवला’ हे साधं आणि खरं वाक्य. औपचारिक लिहायचं असेल तर ‘दुर्विनियोग’. विनियोग म्हणजे ठरल्या कामी लावणं, दुर्विनियोग म्हणजे नको तिथे लावणं. शब्द जड आहे, पण ही जागा दुसरा कोणताच शब्द इतकी नीट भरत नाही.

हेतू चांगला होता म्हणून ते माफ, असं मात्र मला वाटत नाही. देणाऱ्याने पैसा आणि इच्छा दोन्ही सोपवलेली असतात. दुसऱ्याच्या मालावर उदार होण्याला आपण ‘हलवायाच्या घरावर तुळशीपत्र’ म्हणतो, ते अशाच ठिकाणी.

कायद्यात ‘न्यासभंग’ असा शब्द दिसतो. तो काय?

‘न्यास’ म्हणजे ठेवणे, सोपवणे. सोपवलेली वस्तू हाही त्याचा अर्थ. त्या सोपवणुकीचा भंग तो न्यासभंग. बातम्यांत यालाच ‘फौजदारी विश्वासघात’ म्हणतात. ‘विश्वासघात’ मनाला भिडतो, पण तो प्रेमात आणि मैत्रीतही होतो. ‘न्यासभंग’ होण्यासाठी काहीतरी मालमत्ता सोपवलेली असावीच लागते.

कायद्याने दोन पायऱ्या केल्या आहेत, आणि आपण एरवी ज्याला अपहार म्हणतो तो त्यातल्या दुसऱ्या पायरीवर येतो. चुकून तुमच्या खात्यात दुसऱ्याचे पैसे आले आणि कळूनही तुम्ही वापरले, तर तो अप्रामाणिक अपहार : आधी कलम ४०३, आता न्याय संहितेचं ३१४. विश्वासाने सोपवलेले पैसे वापरले तर तो न्यासभंग : आधी कलम ४०५ ते ४०९, आता ३१६. न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. साध्या न्यासभंगाची कमाल शिक्षा तीन वर्षांवरून पाच वर्षांवर गेली. कारकून किंवा नोकराने केला तर सात वर्षांपर्यंत, आणि लोकसेवक, बँकर, व्यापारी, अभिकर्ता (एजंट) यांनी केला तर दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेप. जितका भरवसा मोठा, तितकी शिक्षा मोठी. हिशेबाची वही खोटी करणं हा पुन्हा वेगळा गुन्हा आहे. जुन्या संहितेत ४७७-अ, नव्यात ३४४.

एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. कामगाराच्या पगारातून भविष्यनिर्वाह निधीची वर्गणी कापून घेतली आणि ती भरलीच नाही, तर मालकाकडे ती रक्कम ‘सोपवलेली होती’ असंच कायदा धरतो. म्हणजे ‘कंपनीने पीएफ थकवला’ हे वाक्य अशा वेळी अपुरं आहे. स्वतःचं देणं थकतं. दुसऱ्याच्या पगारातून कापलेलं थकत नाही, त्याचा न्यासभंग होतो.

‘फसवणूक आणि अपहार केला’ असं जोडीने लिहावं का?

सवयीने लिहिलं जातं, पण विचार करून लिहावं. फसवणुकीत खोट पहिल्या दिवसापासून असते. खोटं सांगूनच पैसे घेतलेले असतात. न्यासभंगात पैसे खरेपणाने आलेले असतात, नियत नंतर फिरते. एकाच रकमेबाबत एकाच वेळी दोन्ही खरं असू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मधल्या एका निकालात स्पष्ट सांगितलं आहे. बोलीतही हा भेद आहे. ‘गंडा घातला’, ‘टोपी घातली’, ‘चुना लावला’ हे फसवणुकीचे शब्द. ‘पैसे खाल्ले’, ‘डल्ला मारला’, ‘घशात घातले’ हे अपहाराचे.

‘मनी लाँडरिंग’ला मराठीत ‘आर्थिक अफरातफर’ म्हणतात ना?

म्हणतात, आणि ते चुकीचं आहे. २००२ च्या मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याचा उल्लेख ‘आर्थिक अफरातफर प्रतिबंधक कायदा’ असा अनेक बातम्यांत असतो. अफरातफर म्हणजे पैसा खाणं. लाँडरिंग म्हणजे गुन्ह्यातून आलेला पैसा धुऊन कायदेशीर कमाईसारखा दाखवणं. पहिली कृती पैसा मिळवण्याची, दुसरी त्याचं मूळ लपवण्याची. अफरातफरीचा पैसा पुढे धुतला जाऊ शकतो, तसाच लाचेचा किंवा अमली पदार्थांच्या व्यापाराचाही. ‘काळ्याचे पांढरे करणे’ हा आपला वाक्प्रचार अर्थाच्या पुष्कळ जवळ जातो. औपचारिक मजकुरात मी सरळ ‘मनी लाँडरिंग’ ठेवतो.

बोलण्यातले इतके शब्द आहेत : ढापणे, लाटणे, हडपणे, लांबवणे. ते सगळे सारखेच?

नाहीत, आणि मराठीची श्रीमंती इथेच आहे. ‘ढापणे’ लहानसहान, नकळत. ‘लांबवणे’ आणि ‘लंपास करणे’ वस्तूला किंवा रोकडीला, आणि बहुतेक परका माणूस करतो. ‘लाटणे’ म्हणजे हक्क नसताना फायदा पदरात पाडून घेणे. अनुदान लाटतात, श्रेयसुद्धा लाटतात. ‘हडपणे’ आणि ‘बळकावणे’ जमिनीला, घराला, वारसाहक्काला, आणि त्यात जोर असतो. ‘मारणे’ हातउसन्याला : ‘माझे पैसे मारले’. ‘डल्ला मारणे’ एकदम मोठ्या रकमेवर.

‘खाणे’ सगळ्यांत व्यापक, कारण त्यात लाचही येते आणि अपहारही. बोलताना चालतं, लिहिताना कुठलं खाणं ते सांगावं. लाच देणाऱ्याच्या खिशातून येते, अपहार तिजोरीतून होतो.

‘मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणे’ हा वाक्प्रचार मात्र जपून ठेवावा. आपत्तीग्रस्तांच्या मदतीतले, अनाथांच्या ताटातले पैसे कोणी खाल्ले, तर त्यासाठीच तो आहे. एरवी कुठेही वापरून तो बोथट करू नये.

आणि एक छोटा शब्द विसरू नका : ‘परस्पर’. ‘रक्कम परस्पर काढली’, ‘परस्पर वळती केली’. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना वगळून, हे सगळं या चार अक्षरांत येतं.

‘अपहार’, ‘उपहार’, ‘उपाहार’ – लिहिताना गडबड होते.

अपहार म्हणजे सोपवलेलं काढून घेणं, उपहार म्हणजे भेट, उपाहार म्हणजे फराळ. ‘अपहृत’ हे रूपही टाळा. वाचकाच्या डोळ्यांसमोर पळवून नेलेला माणूस येतो. ‘अपहाराची रक्कम’ म्हणावं.

आमच्या संस्थेच्या हिशेबात रक्कम कमी आली आहे. इतिवृत्तात काय लिहू?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी आधी थांबायला सांगतो. एका गृहनिर्माण संस्थेत काही वर्षांपूर्वी असंच झालं. रोजमेळ, म्हणजे रोजच्या जमाखर्चाचा ताळा, लागेना, सभेत आवाज चढले आणि इतिवृत्तात लिहिलं गेलं : ‘खजिनदारांनी केलेल्या अपहाराबाबत चर्चा झाली.’ ते इतिवृत्त माझ्या हातून गेलं होतं आणि मी त्यातलं शुद्धलेखन तेवढं सुधारलं. पुढे कळलं की रक्कम दुसऱ्या बँकखात्यात भरली होती आणि नोंद चुकीच्या रकान्यात पडली होती. पुढच्या सभेत दुरुस्ती झाली, क्षमाही मागितली गेली. खजिनदारबाई मात्र त्यानंतर कुठल्याच सभेला आल्या नाहीत. तो शब्द मी अडवायला हवा होता, हे मला आजही बोचतं.

म्हणून पायरीपायरीने लिहा. आज जे माहीत आहे तेवढंच : ‘दि. अमुक रोजी किर्दीप्रमाणे शिल्लक इतकी असायला हवी होती, प्रत्यक्षात इतकी आढळली. इतक्या रकमेचा हिशेब लागलेला नाही.’ इथे कोणाचं नाव नको. तपासणीत कागद मिळाले नाहीत तर ‘संशयित अपहार’, आणि तोही लेखापरीक्षकाने म्हटला असेल तर त्याच्याच शब्दांत. सहकारी संस्थेत महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ८३ ची चौकशी लागली असेल तर ‘चौकशी सुरू आहे’ इतकंच. जबाबदारी ठरून आदेश झाला की मग ‘अपहार’ आणि नाव दोन्ही स्पष्ट लिहा, तिथे कचरू नका.

आणि जबाबदारी ठरल्यावर ‘अपहार झाला’ लिहायचं की ‘केला’?

‘केला’. ‘झाला’ हे क्रियापद पावसाला, उशिराला, अपघाताला शोभतं. नाव ठरेपर्यंत ‘झाला’ न्याय्य आहे. ठरल्यानंतर वाक्य असं हवं : अमुक पदावरच्या अमुक व्यक्तीने, तिच्याकडे सोपवलेल्या इतक्या रकमेचा, इतक्या काळात अपहार केला, त्यापैकी इतकी रक्कम परत आली, इतकी येणे आहे. ‘सोपवलेल्या’ हा शब्द त्यात राहू द्या. जागा कमी पडली तर दुसरा कुठला तरी कापा.